घरच्या तांदळाचा भाव

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, छोटीच्या शाळेतल्या बाई राहिल्या की गेल्या? मी म्हणाले, राहिल्या. ती म्हणाली, चला, बरं झालं, आणि मग तुमच्या परीक्षांचं बोलणं निघालं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, ज्या गोष्टीने माझा जीव इतके दिवस टांगणीला लागला होता, ती मी एका शब्दात उरकली. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. क्रमाने लिहीन. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला लिहिता येत नाही.

छोटी म्हणजे तुमची मामेबहीण. तुम्ही दोघं मागे सुट्टीत इकडे आलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता चार वर्षांची आहे. दिसायला अगदी तुमच्या आईवर गेली आहे, पण ती बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहील असं नाही. तिला धान्यात हात घालायला आवडतं, पंख्याकडे बघत बसायला आवडतं, आणि ती पळते. हे मी पाठवते त्या फोटोंत दिसत नाही. पळते म्हणजे खेळताना मुलं पळतात तशी नाही. हातातला हात सुटला की सरळ रेषेत निघते, पुढे रस्ता आहे की विहीर आहे हे तिच्या लेखी नसतं. तुमचा मामा धाटावच्या कंपनीत शिफ्टला, मामी वडखळला नोकरीला. म्हणजे दिवसभर ती आणि मी.

एकदा बाजारातून येताना तिने माझा हात झटकला आणि ती रस्त्यात गेली. गणपतींनी भरलेला एक टेम्पो पेंढा उडवत येत होता. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की मागच्या मूर्ती एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. तो खाली उतरला, छोटीकडे बघितलं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. मी त्याला पाणी दिलं. त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून बाहेर धावते. अजूनही धावते.

पेणमध्ये अशा मुलांसाठी एक लहानसा बालवर्ग आहे. एका सभागृहाच्या मागच्या दोन खोल्या, आठ-दहा मुलं, एक मदतनीस आणि एक बाई. बाई म्हणजे विशेष मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेली मुलगी, तिशीच्या आतली, रोह्याच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली. वडील नाहीत. आई आणि ती. रोज मेमू गाडीने पेणला येते. छोटीला या वर्गात घातल्यावर ती एकदा आमच्या घरी आली, दारातली माझी रांगोळी पाहिली आणि म्हणाली, "आजी, आपण हिलाच कामाला लावू." तिने उंबऱ्याबाहेर रांगोळीची एक जाड आडवी रेघ ओढली, शाळेच्या दारातही तशीच ओढली, फाटकातही. छोटीला रेघेशी उभं करायचं, थांबायचं, आणि तिच्या तळहाताला आपला तळहात लावला की मगच पाऊल टाकायचं. हे रोज, कंटाळा न करता. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी छोटी धावत फाटकापर्यंत गेली आणि रेघेपाशी थांबली. मागे वळली नाही, पण हात मागे केला. मी तळहात लावला. त्या सकाळचं याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

आता पगाराचं. हा वर्ग आमचं एक छोटं मंडळ चालवतं. मुलांचे पालक आणि माझ्यासारखे दोघे-तिघे निवृत्त. बाईंचा पगार मात्र एका कारखान्याच्या सामाजिक निधीतून येतो. गेल्या वर्षी बाईंना पुण्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या बालशाळेत विशेष शिक्षिकेची जागा होती आणि पगाराचा आकडा इथल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. बाईंनी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या की थोडी वाढ झाली तर बघा. निधीचं काम पाहणारे साहेब आले. तरुण आहेत, नीट बोलतात. म्हणाले की वरच्या लोकांना नुसता पगार सांगून चालत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथे याच कामाला काय मिळतं, तिथे राहण्या-खाण्याला काय लागतं, आणि तो खर्च वजा करून पेण-रोह्याचा पगार कुठे बसतो, असा तक्ता हवा. मग वाढ देता येईल.

इंग्रजी येणारी आणि आकडे सरळ ओळीत लिहिणारी म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, हे माझ्या हातात आहे. मी ओळखीच्यांना, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना फोन केले. प्रत्येक शहरातली या कामातली निदान एक तरी बाई गाठली. त्यांच्याकडून पगार विचारला, खोलीचं भाडं विचारलं, तांदूळ, डाळ, दूध, गॅस, जाण्यायेण्याचा खर्च. ठाण्याची एक बाई म्हणाली, "काकू, भाडं दिलं की मी पगाराकडे बघतच नाही, रडू येतं." असं सगळं जमवलं. मग आमच्या बाईंना बसवून तेच प्रश्न विचारले.

ती म्हणाली, "घर आपलंच आहे, आजी."

मी भाड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.

"तांदूळ?"

"घरचा."

"डाळी-कडधान्य?"

"वाल घरचे असतात."

मी तिथेही शून्य लिहिलं. खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतलं भातवाल्याचं घर, त्यात मला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. तिने ते सहज सांगितलं आणि मी सहज लिहिलं.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा मी तो दोनदा तपासला. बेरजा बरोबर होत्या. शहरांचे मोठे पगार भाड्याने आणि खाण्याने खाऊन टाकले होते आणि आमचा लहान पगार जवळजवळ अख्खा शिल्लक राहत होता. खर्च वजा जाता आमच्या बाई ठाण्याच्या बाईपेक्षा सुखी होत्या, पुण्याच्या बरोबरीला होत्या. साहेबांनी कागद वाचला आणि माझं कौतुक केलं. म्हणाले, इतकं स्वच्छ काम क्वचित दिसतं, आणि यावरून दिसतंय की वाढीची गरज नाही, उलट त्या पैशांत आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट आणता येईल. मंडळातल्या इतरांनी माना डोलावल्या. बाई मुलांचे डबे उघडून देत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की ती पुण्याला जायचा विचार करते आहे. मी तिला माझाच तक्ता वाचून दाखवायला लागले. पुण्यात तुझ्या हातात काही उरणार नाही, हे बघ, ही बेरीज बघ.

"इथं तरी कुठं उरतं, आजी," ती म्हणाली आणि आत गेली.

मला ते वाक्य कळलं नाही. कळायला हवं होतं, पण भीतीने माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. नवी कुणी बाई येईल, किंवा येणारही नाही, रेघ ओढायचं कुणाला सुचणार नाही, आणि एक दिवस फाटकाबाहेर ब्रेकचा आवाज होईल. मामा-मामींना मी हे बोलले नाही. ती दोघं आधीच कमी झोपतात.

रविवारी बाई पुण्याला खोली बघायला जाणार, हे मला मदतनीस बाईकडून कळलं. मी ठरवलं, त्याच दिवशी तिच्या आईला जाऊन भेटायचं. लेकीला थांबवायला आईशिवाय कोण सांगणार? हे तिच्या पाठीमागे करणं बरं नाही, हे मला समजत होतं. तरी गेले. नेमकं मामाला ओव्हरटाइम लागला, मामीला माहेरी जाणं भाग होतं, म्हणून छोटीलाही घेऊन जावं लागलं.

मेमूत मी माझ्या पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. समोरच्या कोळणीने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, पोर हाय का वासरू?" मी म्हटलं, दोन्ही. ती हसली आणि तिने आपली टोपली दाराच्या वाटेत आडवी लावली. नागोठणं गेलं, रोहा आलं, तरी मी गाठ सोडली नाही. स्टेशनातून रिक्षाने गावात गेलो. डाव्या हाताला खाडीचा बांध, उजव्या हाताला शेतं. शेतांत पाणी साचलं होतं आणि मधूनमधून खाऱ्या चिखलात येणारी तिवरं उगवली होती. मी ते पाहिलं. पाहून काही विचार केला नाही.

बाईंची आई दारातच होती. माझ्याहून बरीच लहान, पण उन्हाने वाळलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अगो, पेनवाले आमच्याकडं? आमीच जातो तुमच्याकडं दर वर्सी, गनपती आनायला. यंदा गनपतीच चालत आला का काय?" मला बसायला चटई टाकली, छोटीला गूळ दिला. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी तिच्या पाठीशी बोलत राहिले. लेकीचं कौतुक केलं, पुण्याचं भाडं सांगितलं, एकट्या मुलीने तिथे कसं राहायचं असं म्हटलं. ती नुसतं हूं हूं करत होती.

ओटीच्या कोपऱ्यात एक भलीमोठी कणगी होती. तुम्ही कणगी पाहिलेली नाही. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीपर्यंत येणारी कोठी. तिच्यात वर्षाचं भात साठवतात. तोंडावर जुनी गोधडी टाकून झाकलेली होती. मला आठवतं, मी शिष्टाचार म्हणून म्हटलं की घरचा तांदूळ असला म्हणजे कशी बरकत असते. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

जेवायला बसायचं म्हणून छोटीचे हात धुवायला मी पदराची गाठ सोडली. तांब्या आणायला चुलीपाशी गेले. परत आले तर छोटी नाही.

पहिल्यांदा मी उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे रेघ नव्हती. कशी असणार? बाहेर अंगण, अंगणापलीकडे वाट, वाटेपलीकडे बांध आणि खाडी. मी अनवाणी पळाले. माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पळाले. हाक मारून उपयोग नाही हे मला माहीत होतं, तरी हाका मारत होते. शेजारच्या बायका बाहेर आल्या. कशी दिसते, काय घातलंय, नाव काय, सगळं विचारलं. एकीने विचारलं, नावाला ओ देते ना? मी नाही म्हणून मान हलवली. त्यावर ती बाई तशीच बांधाकडे धावत सुटली.

भरती होती. बांधाला एक उघाडी असते, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. एक माणूस शर्ट काढून उघाडीच्या पाण्यात उतरला आणि पायाने तळ चाचपायला लागला. मी काठावर उभी होते. त्याचा पाय कशाला तरी अडला आणि तो खाली वाकला. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता मी तुमच्या मामाला काय सांगू. फक्त एवढंच वाटलं. त्याने एक कुजका ओंडका वर काढला.

मग बाईंची आई म्हणाली, तुमी घरात जावा, पोर फिरून येईल ती तिथंच येईल. मी परत आत आले. आत आल्यावर मला छोटीच्या चपला दिसल्या. कणगीला लागून एक लाकडी पेटी होती, तिच्यावर त्या चपला होत्या, आणि कणगीवरची गोधडी आत खचली होती.

मी पेटीवर हात टेकून वाकले आणि गोधडी ओढली. छोटी तळाशी बसली होती. दोन्ही तळहात कणगीच्या भिंतीला टेकवून, हलक्या आवाजात गुणगुणत. तिच्या पायाखाली थोडा कोंडा होता. दाणा एकही नव्हता. जुन्या शेणाचा आणि उंदरांचा वास येत होता.

माझ्या ओरडण्याने बायका धावत आल्या, मागून तो उघाडीवाला माणूस ओल्या चड्डीने आला. भरलेली कणगी चौघांना हलत नाही. त्याने ती एका हाताने कलती केली आणि दुसऱ्या हाताने छोटीला बाहेर काढून माझ्या मांडीवर दिली. सगळ्यांनी पाहिलं. कणगीच्या आत पाहिलं आणि लगेच छोटीकडे पाहिलं. एकजण म्हणाली, "गावली गो पोर, चला आता, गर्दी नको." आणि सगळ्या निघून गेल्या. कुणाच्या तोंडून कणगीबद्दल अक्षर निघालं नाही. त्या माणसाने जाताना कणगी सरळ केली आणि गोधडीसुद्धा परत नीट घातली.

मी छोटीला इतकं घट्ट धरलं होतं की तिने मला बोचकारलं. बाईंची आई दाराला पाठ लावून खाली बसली. मग तीच म्हणाली, "बांध फुटला ना ताई, तवापासून खारं पानी हाय शेतात. एक दाना नाय."

"मग तांदूळ?"

"पोरगी आनते रोह्याच्या बाजारातना. गावच्या दुकानातना नाय. शाळेच्या पिशवीत घालून आनते, थोडा थोडा. पोतं आनलं तर दिसतं."

मी विचारलं, गावात इतरांचं काय? बांध तर सगळ्यांचाच फुटला असेल.

"सगल्यांचंच तसं हाय," ती म्हणाली. "सगल्यांस ठावं पन हाय. बोलत कोन नाय. भातवाल्याच्या घरानं तांदूल इकत घेतो म्हनायचं कसं? तुमी पन कुठं लिवू नका."

मग तिने मला जेवायला वाढलं आणि मी जेवले. बारीक, पांढरा, दुकानातला तांदूळ. इतक्या वर्षांची या भागात राहिलेली बाई मी, पानात पाहूनच ओळखायला हवा होता. बाहेर काढला तो ओंडका पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होता, पण पान टाकून उठायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत माझा तक्ता माझ्याच डोक्यात मोडून पडला. पगारातला किती भाग त्या पिशवीतून जात असेल, ते मी मनात मांडून पाहिलं. पेण-रोहा स्वस्त नव्हतं. आम्ही तिथे फक्त शून्यं लिहिली होती. आणि त्या शून्यांच्या जोरावर तिची वाढ नाकारली होती.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आली. तिला सगळं कळलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, छोटी सापडली ना, मग झालं. पुण्यात कॉट बेसिसवर जागा बघून आले आहे. चौघी एका खोलीत.

मी म्हटलं, आणि इथून आईला तांदूळ कोण आणून देणार?

"पैसे पाठवीन." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तिथं सगळेच विकत घेतात, आजी. कुणी विचारत नाही."

पगार, भाडं, गाडीभाडं यांच्या पलीकडे एक रकाना असतो आणि तो माझ्या कागदावर नव्हता. तिला न दुखावता तो कसा लिहायचा, हे मला कळत नव्हतं. तिच्या आईला मी शब्द दिला नव्हता, पण तिच्या हातचं जेवले होते.

त्या रात्री मला ताप भरला. तापातून उठल्यावर सुचलं ते असं. मी तांदूळ घरचा की विकतचा, हे विचारणंच बंद करायचं. तांदूळ तांदूळच. घरचा असला तरी कुणीतरी चिखलात वाकून लावलेला असतो, आणि खाल्ला नसता तर विकला गेला असता. म्हणून सगळ्या शहरांत आणि सगळ्या गावांत त्याला बाजारभाव लावायचा. घरालाही तसंच. स्वतःचं असलं तरी त्याचं छप्पर दर वर्षी शाकारावं लागतं. असा नवा तक्ता केला. त्यात कुणाचीही कणगी उघडावी लागत नव्हती. आमचा पगार पुण्याच्या बरोबरीवरून उतरून सगळ्यांच्या खाली गेला.

साहेबांना पुन्हा बोलावलं. ते आले त्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर आत दाराशी चहा घेत बसला होता. हा ड्रायव्हर बाईंच्याच गावचा. मला ते माहीत होतं. साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

"आजी, मागच्या वेळी तांदळाला शून्य होतं. आता भाव लावलाय. यांचा तांदूळ तर घरचा आहे ना?"

मी चिखलाचं, विक्रीचं, सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण वर मला विचारतील, खिशातून प्रत्यक्ष पैसे जातात का? मी काय सांगू?"

उत्तर माझ्याजवळ होतं. पण ते माझं नव्हतं. मी गप्प राहिले तर वाढ जाणार, बाई जाणार. बोलले तर तिच्या घराची गोष्ट तिच्याच गावच्या माणसासमोर मी सांगितलेली होणार. मी दोन्ही कागदांच्या कडा उगाच जुळवत राहिले. खोलीत छोटी पंख्याकडे बघत होती.

बाई एका मुलाच्या बुटाचा पट्टा लावत खाली बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "जातात, सर. आम्ही तांदूळ विकत आणतो. बांध फुटल्यापासून गावात सगळेच आणतात."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. "सगळे कुठं? आमचा घरचाच हाय."

"दादा, तुमची आई आणि मी एकाच दुकानात भेटतो," बाई म्हणाली. "परवाच तिनं मला सांगितलं, तो जुना तांदूळ घे, फुगतो चांगला."

कुणी हसलं नाही. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "व्हय. रोह्यालाच घेतो," आणि कप घेऊन बाहेर गेला. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. तक्ता घडी करून पिशवीत ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. फोन मी अंघोळीलाही बरोबर नेत होते. मेमू उशिरा आली आणि बाई वेळेवर दिसली नाही, की मला वाटायचं, गेली. पुण्याच्या शाळेने तिच्याकडे उत्तर मागितलं होतं. तिने थोडी मुदत मागून घेतली. ती मुदत संपत आली तेव्हा साहेबांचा फोन आला. वाढ मंजूर झाली, मागितली त्यापेक्षा कमी, आणि एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी नवा तक्ता द्यावा लागेल. फिजिओथेरपिस्ट येणार नाही. म्हणजे तुमच्या मामेबहिणीच्या वर्गातल्या एका मुलाला, ज्याचे पाय आखडतात, त्याला ते मिळणार नाही. त्याच्या आईने मला काही म्हटलं नाही, पण ती आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही.

बाईने पुण्याला नाही कळवलं. ते तिने मला शाळा सुटताना, दप्तरं भरता भरता सांगितलं. मी विचारलं, आई काय म्हणाली? म्हणाली, आई अजून घुश्शात आहे, सगळ्यांसमोर बोललीस म्हणून. ड्रायव्हरची आई मात्र आता गावातूनच बाईबरोबर बाजाराला निघते. मी विचारलं, तू खरंच राहणार ना? ती म्हणाली, "या वर्षी तरी, आजी." तिने खोटं सांगितलं नाही म्हणून बरं वाटलं, आणि त्याच वेळी ती पुढच्या वर्षाचं काही बोलली नाही हेही मला ऐकू आलं.

म्हणून तुम्हा दोघांना एक काम सांगते. दर वर्षी हा तक्ता करावा लागणार. माझे डोळे आणि कान पहिल्यासारखे नाहीत, मामाला वेळ नाही, मंडळात इतर कुणी हे करेल असं दिसत नाही. तुम्हाला गणित येतं. तिकडे बसूनही फोन करता येतात. पद्धत लक्षात ठेवा. पगार त्या कामातल्या बाईलाच विचारा, शाळेला विचारू नका, शाळा जास्त सांगते. पुण्यात खोलीचं भाडं विचारू नका, कॉटचं विचारा, कारण या पगारात खोली कुणी घेत नाही. आणि पेण-रोह्याचं विचारताना कुणी म्हणालं की आमचा तांदूळ घरचा आहे, तर बरं म्हणा, आणि रोह्याच्या बाजाराचा भाव लावा. पुढे काही विचारू नका.

नवा तक्ता उन्हाळ्याआधी द्यायचा आहे. पुण्याचे आकडे आधी मिळवा. तिथे माझ्या ओळखीची एकच बाई या कामात होती आणि तिने नोकरी सोडली असं मला कळलं आहे.